टोंगाचं हिआपो: कागदाचं झाड दारात असून हा देश कागद का करत नाही?

सालपट (ऑकलंड)

नमस्कार मंडळी. मी हातकागद करते, हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. त्यासाठी कोझो या जपानी कागदी झाडाची वाळलेली साल मी बारा वर्षं जपानहून मागवत आले. गेल्या वर्षी तीच साल शेजारच्या गॅरेजात अंथरलेली दिसली, आणि तेव्हापासून डोक्यात हाच एक विषय आहे.

दक्षिण ऑकलंडमध्ये आमच्या कुंपणाला लागून टोंगाचं, म्हणजे पॅसिफिकमधल्या त्या बेटांच्या देशातलं, एक कुटुंब राहतं. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईंना मी मावशी म्हणते. एका शनिवारी सकाळी त्यांच्याकडे दहा-बारा बाया जमल्या होत्या. पाठीला बाक असलेल्या लांबलचक फळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसून त्या तपकिरी रंगात बुडवलेले बोळे घासत होत्या. लांबून वाटलं, वाकळ चालली आहे. जवळ गेले तर सुई-दोरा कुठेच नाही. मावशींनी न रंगवलेला एक तुकडा माझ्या हातात दिला. मी तो दारातल्या उजेडासमोर धरला. लांब, रेशमासारखी चमक असलेले तंतू, मध्ये कुठे विरळ, कुठे दाट. हात आपोआप ओळखतात अशी ती वस्तू होती. "हे झाड कोणतं?" मी विचारलं. "हिआपो," मावशी म्हणाल्या. घरी येऊन शोधलं: ब्रूसोनेशिया पॅपिरिफेरा. कागदी तुती. जपानी वाशी कागदाचं, थायलंडच्या 'सा' कागदाचं झाड.

मग मी टोंगाच्या मुख्य बेटावर, टोंगाटापूला, जाऊन आले. मावशींच्या बहिणीकडे नऊ दिवस राहिले. जे पाहिलं ते लिहिते.

हिआपोची लागवड वेगळी अशी नसते. कोनफळ, अळू, टॅपिओका यांच्या शेतातच एका बाजूला दाटीने लावतात. बी नाही. केळीला मुनवे फुटतात तसे याला मुळांवरून फुटवे येतात, तेच काढून लावायचे. दाटी मुद्दाम, म्हणजे झाड सरळ वर जातं. बाजूला फुटलेला प्रत्येक धुमारा कोवळा असतानाच खुडायचा. तो राहिला तर तिथे फांदी येते, आणि फांदी आली की सालीला त्या जागी भोक पडतं. ज्या बाईने खुडायला आळस केला तिचं कापड ठिगळांचं होतं. वर्ष-दीड वर्षात झाड माणसाच्या डोक्याच्या वर जातं, खोड जेमतेम दोन बोटं जाड असतं. तेवढ्यातच कापायचं.

बहिणीने बुंध्याशी चाकूने खाच घेतली, सालीचं टोक दातात धरलं आणि एका ओढीत शेंड्यापर्यंत सगळी साल उतरवली. तो आवाज ओलं कापड फाडल्यासारखा येतो. बाहेरची करडी साल खरवडून टाकायची, आतली पांढरी अंतरसाल ठेवायची. ती वाळवून गुंडाळ्या करून ठेवतात. लागेल तेव्हा भिजवायची, तुतुआ नावाच्या लाकडी ओंडक्यावर ठेवायची आणि इके नावाच्या चौकोनी धोपटण्याने बडवायची. इकेच्या बाजूंवर खाचा असतात, एक बाजू गुळगुळीत. आधी खाचांनी तंतू पसरवायचे, मग गुळगुळीत बाजूने बसवायचे. चार बोटं रुंदीची पट्टी डोळ्यांदेखत तिप्पट-चौपट होते. तुतुआच्या खाली पोकळी ठेवलेली असते, त्यामुळे ठोका घुमतो. गावात शिरलं की कुठल्या घरी काम चालू आहे हे कानाला कळतं. फक्त रविवारी सगळं गाव शांत, कारण रविवार पाळणं तिथे राज्यघटनेतच लिहिलं आहे.

या पातळ पांढऱ्या पट्टीला फेताआकी म्हणतात. त्या जोडून, दोन थर एकमेकांना आडवे चिकटवून, रंगवून जे मोठं कापड होतं ते ङातु. (पहिलं अक्षर 'वाङ्मय'मधल्या ङ सारखं. देशाचं नावही त्यांच्या तोंडून 'तोङा' असंच ऐकू येतं.) चिकटवायला अर्धवट उकडलेला टॅपिओकाचा कंदच हातात धरून घासतात. खाली कुपेसी ठेवलेली असते, म्हणजे नारळाच्या पातीच्या शिरा शिवून केलेला उठावाचा साचा. वरून रंगाचा बोळा फिरवला की नक्षी उमटते. रंग कोका झाडाच्या सालीचा आणि कांदळवनातल्या तोंगोचा, काळा जंगली अक्रोडाच्या काजळीचा. मापही त्यांचं स्वतःचं: लाङाङा. पन्नास लाङाङांचा ङातु म्हणजे लाउनिमा, वीस-बावीस मीटर लांब आणि चारएक मीटर रुंद. लग्नात, मयतीला, राजघराण्याच्या कार्याला हा ङातु द्यायचा असतो. घरात गादीखाली नाहीतर माळ्यावर गुंडाळून ठेवलेला ङातु हीच बाईची पुंजी.

आता माझा प्रश्न. लाखभर वस्तीचा देश, सगळी बेटं मिळून साडेसातशे चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन. त्यांच्याकडे जगातला एक उत्तम कागदी तंतू आहे, तो पिकवण्याचं आणि सोलण्याचं ज्ञान आहे. तरी तिथे कागद होत नाही आणि सालही कागदासाठी बाहेर जात नाही. जाताना मला वाटत होतं, ही संधी वाया चालली आहे. परत आले तेव्हा तसं वाटत नव्हतं. तुम्हाला काय वाटतं?

वनस्पतीवेडा

फार सुंदर लिहिलंय सालपटताई. एक छोटी दुरुस्ती. जपानी कोझो बहुतेक वेळा शुद्ध पॅपिरिफेरा नसतं, त्याच कुळातल्या दुसऱ्या जातीशी झालेला संकर असतो. टोंगाचं हिआपो मात्र अस्सल पॅपिरिफेरा. तंतू दोन्हींचे लांब, सरासरी सेंटिमीटरच्या आसपास. सुचीपर्णी झाडांच्या लगद्यात तंतू तीनेक मिलिमीटरचे असतात, म्हणजे आपल्या रोजच्या कागदापेक्षा हा तिप्पट लांब. म्हणून तर वाशी कागद इतका पातळ होऊनही फाटत नाही.

आणि बी नसण्यामागे मोठी गोष्ट आहे. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. पॅसिफिकमधली जुनी झाडं तपासली तेव्हा ती जवळपास सगळी मादी निघाली. नर सापडले ते हवाईत, तेही मागाहून आशियातून आलेले. नरच नाही म्हणजे बी नाही. होडीतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर माणसाने मुळासकट नेलं तेव्हाच ते झाड पुढे गेलं. २०१५ साली हरितलवकातल्या डीएनएवरून माग काढला तर पॅसिफिकमधल्या हिआपोचं मूळ दक्षिण तैवानमध्ये सापडलं. तैवान ते टोंगा, आणि तिथून पुढे ईस्टर बेटापर्यंत. माणसांनी होडीतून जपत हजारो किलोमीटर नेलेलं हे झाड आहे. मला तर ते वाचून रात्री झोप लागली नव्हती.

माडाखाली

आमची देवगडकडे थोडी पडीक जमीन आहे. पाऊस भरपूर, हवा दमट. कलमं मिळाली तर कोकणात ही कागदी तुती लावता येईल का? वर्ष-दीड वर्षात कापणीला येणारं पीक म्हणजे आंब्यासारखी दहा वर्षं वाट पाहायला नको.

वनस्पतीवेडा

माडाखाली दादा, हात जोडून सांगतो, लावू नका. टोंगात ते निमूट राहतं कारण तिथे नर नाही. जिथे नर-मादी दोन्ही आले तिथे काय झालं ते पाहा. घानामध्ये १९६९ साली कागदाच्या लगद्यासाठी चाचणी म्हणून राखीव जंगलात लावलं. फळं पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी नेली आणि आज ते तिथल्या सर्वांत त्रासदायक आगंतुक झाडांपैकी एक आहे. इस्लामाबाद शहर वसवताना हिरवाईसाठी लावलं, आता दर वसंतात त्याच्या परागांनी लोकांना दमा होतो, दवाखाने भरतात. आपण घाणेरी आणि रानमोडीशी झगडतोच आहोत. तंतूच हवा असेल तर अंबाडी आहे, ताग आहे, घायपात आहे. वाख काढायची रीत तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असेल.

माडाखाली

पटलं. आजी घायपाताचा वाख काढून दोर वळायची. घायपात कुजवलेल्या डबक्याचा तो वास अजून आठवतो. विषय सोडला.

हिशेबनीस

ताई, मी निर्यातीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका. जपानमध्ये कोझोची शेती करणारे म्हातारे झाले, लागवड घटत गेली, म्हणून थायलंडसारख्या देशांतून साल आयात होते. दुसरीकडे वाशीचं नाव मोठं होतंय. २०१४ साली तिथले तीन हातकागद युनेस्कोच्या यादीत आले. म्हणजे मागणी आहे, कच्चा माल नाही. टोंगाकडे कच्चा माल आहे, परकीय चलन नाही. साल वाळली की हलकी, टिकाऊ, शीतगृह लागत नाही. लहान बेटाला याहून सोयीचा निर्यातीचा माल कोणता असणार? बायकांच्या हातात रोख पैसा येईल. ङातु गादीखाली ठेवून घर चालत नाही.

सालपट (ऑकलंड)

हिशेबनीस, राग कसला? जाताना माझ्याही मनात अगदी हेच होतं. तिथे जे ऐकलं ते सांगते.

पहिलं म्हणजे, टोंगाने जपानला माल विकण्याचा मोठा अनुभव घेतला आहे. भोपळा. १९८०च्या दशकाच्या शेवटी जपानसाठी भोपळ्याची लागवड सुरू झाली. जपानमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात भोपळा कमी असतो, तेवढी खिंड पकडायची. १९९०च्या दशकात पैसा आला, लोकांनी कर्ज काढून कोनफळाची रानं भोपळ्याखाली आणली. मग दुसरे देश त्याच खिंडीत शिरले, भाव पडले, आणि ते पीक हळूहळू बसलं. मावशींच्या भावजयीने मला शेताची कड दाखवली. भोपळ्यासाठी नांगर फिरवला तेव्हा तिथलं हिआपो मुळासकट निघालं होतं. जे मुनव्यांवरच वाढतं ते एकदा उपटलं की संपतं. तिने बहिणीकडून पुन्हा मागून आणून लावलं.

दुसरं, जमीन. टोंगात सगळी जमीन राजसत्तेची. सोळा वर्षांच्या पुढच्या प्रत्येक पुरुषाला सव्वाआठ एकरांच्या शेतजमिनीवर हक्क सांगता येतो, निदान कायद्यात तरी तसं आहे. बाईला तसा हक्क नाही. म्हणजे हिआपो लावणारी, खुडणारी, सोलणारी, बडवणारी बाई, आणि रान नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या नावावर. आज जे हिआपो आहे ते घरगुती, म्हणून ते पूर्ण तिच्या हातात आहे. सालीची निर्यात सुरू झाली की पावती कोणाच्या नावाने फाटेल, हे मला तुम्ही सांगा.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सालीचा भाव किलोवर ठरतो. कोझोच्या शंभर किलो फांद्यांमागे हाती कागद येतो तो पाचएक किलोच्या आसपास. कच्ची साल विकणाऱ्याला मिळतो तो त्यातल्या पहिल्या, सगळ्यात स्वस्त पायरीचा पैसा. ङातु मात्र किलोवर मोजतच नाहीत. टोंगाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून मोठी रक्कम परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेली असते. त्या नात्यातला इकडून जाणारा पैसा आणि तिकडून येणारा ङातु या एकाच दोरीच्या दोन बाजू आहेत. काटोआङा म्हणून रीतच आहे. ऑकलंडच्या बायकांचा गट टोंगातल्या गटाशी बोलणी करतो, वर्षभर तिकडे बडवणं चालतं, मग एक दिवस समोरासमोर बसून ङातु आणि चटया एकीकडून, पैसे आणि सामान दुसरीकडून. त्या सौद्यात बाई स्वतः बसते. मधे दलाल नाही. तुम्ही म्हणता तो रोख पैसा तिच्या हातात आत्ताही येतोच.

हिशेबनीस

भोपळ्याची गोष्ट मला माहीत नव्हती. आणि पावतीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण एक शंका राहतेच. नवी पिढी हे करणार का? बडवणं किती कष्टाचं काम आहे ते तुम्हीच लिहिलंय.

सालपट (ऑकलंड)

ती काळजी खरी आहे. ऑकलंडमध्ये बडवायला पुरेल एवढं हिआपो नाही, म्हणून इथल्या बायकांनी वाट काढली. सालीऐवजी बक्रमसारखं न विणलेलं कृत्रिम कापड घेतात आणि त्यावर जुन्याच कुपेसीने, जुन्याच रंगाने काम करतात. त्याला ङातु पेपा म्हणतात. पेपा म्हणजे कागद. मावशी त्याला हलकं मानत नाहीत, पण मयतीला द्यायचा असेल तर त्या टोंगाहून आलेलंच काढतात. मला एवढंच वाटतं की जिला बाहेरून मदत करायची आहे तिने तयार फेताआकी घ्यावी, बायकांनी सांगितलेल्या भावाने, घासाघीस न करता. कच्ची साल मागू नये.

जुन्नरी

सालपटताई, धागा दोनदा वाचला. मी जुनी कागदपत्रं वाचतो. मोडीचे रुमाल सोडताना जुन्नरी आणि दौलताबादी कागद रोज हाताखालून जातो. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आजही हातकागद होतो. आपल्याकडे चिंध्या आणि जुनी तागाची पोती-दोर कुटून लगदा करायचे, पाण्यातून चाळणीवर उचलायचा, वाळवून खळ द्यायची आणि मग दगडाने घोटायचा. घोटीव कागदावर बोरू अडखळत नाही.

मला प्रश्न असा पडला की टोंगाची फेताआकी ही कागद का नाही? दिसायला कागद, झाड कागदाचं, वापर मात्र कापडाचा. आणि आपल्या वल्कलांचं काय? सीतामाईच्या अंगावरची वल्कलं म्हणजे मी लहानपणी कॅलेंडरवरची झाडाची जाड सालपटं समजत होतो. तुमचं वर्णन वाचून वाटलं, ती अशी बडवून मऊ केलेली असणार.

सालपट (ऑकलंड)

जुन्नरीकाका, फरक पाण्यात आहे. कागद म्हणजे तंतू एकमेकांपासून पूर्ण सुटे करायचे, पाण्यात तरंगवायचे आणि जाळीवर नव्याने बसवायचे. कोझोची साल राखेच्या नाहीतर सोड्याच्या पाण्यात शिजवतात ती यासाठीच. तंतूंना धरून ठेवणारा डिंक विरघळतो आणि बडवल्यावर ते सुटे होतात. फेताआकीत साल शिजवत नाहीत. झाडाने तंतू जसे विणले होते तसेच राहतात, फक्त पसरतात. म्हणून तिला झाडाच्या लांबीची दिशा असते. उभी ओढली तर फाटत नाही, आडवी पटकन फाटते. दोन थर आडवे चिकटवायचे ते याचसाठी. वल्कलांबद्दल तुमचं म्हणणं मनाला पटतं. पण आपल्याकडे ती कुठल्या झाडाची होती हे मला सांगता येणार नाही.

निळीशाई

ताई, मी सुलेखन करते. फेताआकीवर शाई कशी बसते? खळ नसेल तर फुटत असणार ना? आणि २०२२च्या ज्वालामुखीनंतर तिथल्या लागवडीचं काय झालं?

सालपट (ऑकलंड)

निळीशाई, शाई फुटते, पण फक्त तंतूंच्या दिशेने. उभी रेघ धारदार राहते, आडव्या रेघेला वर-खाली केसांसारखी कड येते. टॅपिओकाचा कंद हलक्या हाताने घासून वाळवला आणि मग शंखाने घोटला, तेव्हा बोरू नीट चालला. घोटायची कल्पना जुन्नरी कागदावरूनच सुचली होती.

१५ जानेवारी २०२२ला हुंगा टोंगा फुटला तेव्हा टोंगाटापूवर राख बसली आणि समुद्राखालची केबल तुटली. मावशींना पाच आठवडे घरच्यांशी धड बोलता आलं नव्हतं. बहीण सांगत होती की त्यांच्या रानातल्या हिआपोची पानं राखेने करपली होती, पण मुळं शाबूत होती. तिने सगळं बुंध्यापासून छाटलं. पुढच्या पावसात मुनवे वर आले.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. ङातु पुरा झाला की कडा कापून सरळ करतात. त्या कातरणाची एक पिशवी मावशींनी मला दिली. मी ती धुण्याच्या सोड्यात दोन तास शिजवली, बडवली, भेंडीच्या मुळाचा चीक घातला, आणि माझ्या जाळीवर नऊ ताव उचलले. इतका चिवट आणि मऊ कागद माझ्या हातून कधी झाला नव्हता. कोका रंगाची हलकी झाक राहिली होती. त्यातला सर्वांत चांगला ताव घेऊन मी कुंपणापलीकडे गेले.

मावशींनी तो उजेडासमोर धरला, मी त्या पहिल्या शनिवारी धरला होता तसाच. बोटाने मधोमध चाचपडत राहिल्या. उभा ओढून पाहिला, आडवा ओढून पाहिला. दोन्हीकडे सारखाच. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पेपा." आणि घडी न घालता, मोठ्या ङातुच्या गुंडाळीत आत सरकवून ठेवला.